स्टार्चच्या कारखान्यात पाणी आणि वाफ वाचवायची तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: धुळे जिल्ह्यात दिवसाला ६० टन मका घेणारा कॉर्नफ्लोअरचा, म्हणजे मक्याच्या स्टार्चचा कारखाना आहे. टनामागे जवळपास ४,००० लिटर पाणी लागतं. एप्रिल-मेमध्ये बोअर आटले की टँकर लावावे लागतात आणि कोळशाचा खर्चही वाढत चाललाय. सल्लागारांनी सांडपाण्यावर आरओ (बारीक पडद्यांतून पाणी गाळणारी यंत्रणा) आणि त्यापुढे बाष्पीभवनाची यंत्रणा बसवायला सांगितलंय. ती बसवावी का, आणि पाणी-ऊर्जा दोन्ही वाचवायचं तर आधी काय करावं?

माझं मत आधीच सांगतो. ती यंत्रणा पुढेमागे लागेलही, पण आज बसवलीत तर आत्ता चाललेली उधळपट्टीच मोठ्या खर्चानं उकळत बसाल. सांडपाण्याचा पाइप ही कारखान्याची शेवटची जागा. पाणी जास्त होतं ते त्याच्या बरंच आधी. आणि तुम्ही पाणी आणि कोळसा हे दोन वेगळे प्रश्न मांडलेत, तिथंच खरी अडचण आहे. ओल्या पद्धतीनं मका दळताना आत घेतलेलं जवळजवळ प्रत्येक लिटर पाणी एक तर नाल्यात जातं, नाहीतर कुठंतरी उकळून उडवावं लागतं. म्हणून पाण्याचा हिशेब लावला की वाफेचा हिशेब आपोआप लागतो. अमेरिकेच्या लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेनं २००३ साली या उद्योगासाठी ऊर्जाबचतीची मार्गदर्शिका काढली होती. त्यातही हा धंदा अन्नप्रक्रियेतला सर्वाधिक ऊर्जा खाणारा म्हणून नोंदवलाय, आणि त्यामागचं मोठं कारण पाणी काढणं आणि वाळवणं हेच आहे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. मका खरिपाचा ओला घेता की रब्बीचा कोरडा, बॉयलर कोळशावर आहे की बगॅसवर (उसाच्या चिपाडावर), आसपास ओला कोंडा उचलणारे गोठे आहेत का, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात काय अटी आहेत, पुढे ग्लुकोज करता की नुसतं स्टार्च विकता. यातलं काही तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणून खालचे आकडे साधारण बऱ्या चाललेल्या कारखान्याचे धरा आणि तुमचे मोजून त्यांच्या शेजारी मांडा. कोरडा मका दळून पीठ करणाऱ्या गिरणीला यातलं फारसं काही लागू नाही, तिथं पाणीच नगण्य लागतं.

आता एक टन मक्याचा हिशेब मांडू. १४ टक्के ओलाव्याच्या मक्यात ८६० किलो कोरडा माल असतो. त्यातून साधारण ५७५ किलो स्टार्च, ९५ किलो कोंडा, ६० किलो अंकुर, ५० किलो ग्लुटेन निघतं आणि ६० किलोच्या आसपास माल स्टीपच्या, म्हणजे मका भिजवलेल्या, पाण्यात विरघळून जातो. हे सगळं कोरड्या वजनात. ताजं पाणी या साखळीत एकाच ठिकाणी शिरायला हवं: स्टार्च धुणाऱ्या हायड्रोसायक्लोनच्या (गरगर फिरवून जड-हलकं वेगळं करणाऱ्या यंत्राच्या) शेवटच्या टप्प्यावर. तिथून ते मालाच्या उलट दिशेनं मागं मागं येतं. स्टार्च धुतल्यावर ग्लुटेनच्या सेंट्रिफ्यूजकडे, तिथून कोंडा आणि अंकुर धुवायला, आणि अखेर मका भिजवायला. सगळ्यात स्वच्छ मालाला सगळ्यात स्वच्छ पाणी, आणि सगळ्यात मळक्या मालाला चार ठिकाणी वापरून झालेलं.

एक किलो कोरड्या स्टार्चला २.३ लिटर ताजं पाणी धरलं, तर टन मक्यामागे सुमारे १,३३० लिटर आत येतं. मक्याचं स्वतःचं १४० लिटर त्यात मिळवा. बाहेर जातं ते असं: ३६ टक्के ओलाव्याच्या स्टार्चच्या केकबरोबर (पाणी काढलेल्या ओल्या थराबरोबर) ३२४ लिटर, दाबलेल्या कोंड्याबरोबर १५५, अंकुर आणि ग्लुटेनबरोबर मिळून १५०. उरलेलं ८४० लिटर स्टीपच्या पाण्यातून बाहेर पडतं, म्हणजे त्या पाण्यात साडेसहा टक्क्यांच्या आसपास सॉलिड्स (विरघळलेला कोरडा माल) असतात. हे पाणी पुढे बाष्पीभवन यंत्रात उकळून घट्ट करतात. वर्तुळ बंद असेल तर प्रक्रियेतलं पाणी नाल्यात जायचं कारणच उरत नाही.

हेच पाणी ३ लिटरनं सोडलंत तर? आत १,७३० लिटर येतं. ४०० लिटर जास्त. केक, कोंडा, अंकुर यांच्याबरोबर जाणारं पाणी तेवढंच राहतं, त्यामुळे ते चारशेच्या चारशे लिटर स्टीपच्या पाण्यात येतात आणि सॉलिड्स साडेचार टक्क्यांवर घसरतात. तीन टप्प्यांच्या बाष्पीभवन यंत्रात एक किलो वाफ साधारण २.६ किलो पाणी उडवते. म्हणजे टनामागे दीडशे किलो वाफ नुसती या जादा पाण्यावर गेली. तुमच्या ६० टनांना दिवसाला नऊ टन वाफ, आणि किलो कोळशामागे पाच किलो वाफ धरली तर पावणेदोन टनांहून जास्त कोळसा. यंत्राला ते झेपलं नाही की ऑपरेटर मधली टाकी नाल्यात सोडतो, आणि मग तेच पाणी सांडपाण्याचा प्रश्न म्हणून तुमच्यापुढे येतं.

तेव्हा पहिलं काम स्टार्च धुण्याच्या पाण्यावर मीटर बसवणं. कारखान्याच्या मुख्य पाइपवरच्या मीटरवरून काहीच कळत नाही. मीटर लावल्यावर कळेल की आकडा पाळीगणिक बदलतो. प्रोटीन जरा वाढलेलं दिसलं की पाण्याचा व्हॉल्व्ह थोडा उघडायचा, ही सवय जवळपास सगळीकडे आहे. प्रोटीन खाली आलं की तो व्हॉल्व्ह परत बंद करायची आठवण कोणाला राहत नाही. प्रोटीन का वाढलं हे शोधायचं असतं. बहुतेक वेळा १० मिलिमीटरच्या सायक्लोनेट (हायड्रोसायक्लोनमधल्या छोट्या नळ्या) झिजलेल्या किंवा तुंबलेल्या असतात, किंवा एखाद्या टप्प्यावरचा पंप दाब देत नसतो, किंवा ग्लुटेनच्या सेंट्रिफ्यूजचे नोझल बंद पडून प्रोटीन तिथूनच जादा येत असतं. प्रत्येक टप्प्यावर दाबातला फरक रोज नोंदवा. आणखी एक गोष्ट म्हणजे धुण्याचं पाणी थंड असू नये. ४० ते ४५ अंशांचं पाणी पातळ वाहतं, त्यात स्टार्च आणि प्रोटीन चांगले वेगळे होतात, म्हणजे कमी पाण्यात काम भागतं. ते तापवायला वाफ लागत नाही. कशानं तापवायचं ते पुढे सांगतो.

आता ज्या पाण्याकडे कोणाचं लक्ष जात नाही त्याकडे येऊ. ते म्हणजे पंपांच्या ग्लँडचं, म्हणजे दांड्याभोवतीची गळती अडवणाऱ्या भागाचं, पाणी. दोरी भरलेल्या ग्लँडला थंड ठेवायला बारीक धार सोडलेली असते. एका पंपाला मिनिटाला २ लिटर म्हणजे दिवसाला २,८८० लिटर. असे वीस पंप असले तर ५७ हजार लिटर. तुमच्या ६० टनांना प्रक्रियेसाठी लागणारं ताजं पाणी मुळात ८० हजार लिटर आहे, हे लक्षात घेतलं तर आकडा किती मोठा आहे ते कळेल. यातलं काही जमिनीवर गळतं आणि सांडपाण्यात जातं. काही आत शिरतं, वर्तुळ पातळ करतं आणि बाष्पीभवनाला येतं. म्हणजे एकाच पाण्याचे पैसे दोनदा गेले. मेकॅनिकल सील बसवा, निदान मोठ्या पंपांना आणि बाष्पीभवनाच्या आधीच्या साखळीतल्या पंपांना. जिथं ग्लँड ठेवावीच लागेल तिथं धारेवर छोटा फ्लो-मीटर लावा.

तसंच व्हॅक्यूम पंपाचं. फिल्टर आणि बाष्पीभवन यंत्राचे वॉटर-रिंग पंप सीलसाठी भरपूर पाणी घेतात आणि अनेक ठिकाणी ते एकदा वापरून सरळ गटारात जातं. ते टाकीत घेऊन थंड करून परत फिरवता येतं. टनामागे ४,००० लिटरपैकी हजार-दीड हजार लिटर तुम्हाला या दोन ठिकाणीच सापडतील असा माझा अंदाज आहे. यासाठी नवं यंत्र लागत नाही, फिटर आणि पाइप लागतात.

पुढचा मुद्दा ऊर्जेच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा. मालातून एक लिटर पाणी काढायला किती खर्च येतो हे ते कुठं काढता यावर ठरतं. दाबून किंवा सेंट्रिफ्यूजनं काढलं तर नुसती थोडी वीज. तीन टप्प्यांच्या बाष्पीभवनात काढलं तर सुमारे ०.४ किलो वाफ, कारण एकदा दिलेली उष्णता तीनदा वापरली जाते. ड्रायरमध्ये काढलं तर १.६ ते १.८ किलो वाफ, कारण गरम हवेबरोबर बरीच उष्णता धुराड्यातून निघून जाते. म्हणजे ड्रायरमधला एक लिटर बाष्पीभवनातल्या चार लिटरांइतका महाग. म्हणून ड्रायरपर्यंत पाणी पोचू द्यायचंच नाही, हा माझ्या कामाचा पहिला नियम.

कोंड्याचं बघा. धुतलेला कोंडा स्क्रू प्रेसमधून बाहेर पडतो तेव्हा त्यात ओलावा किती आहे? छोट्या कारखान्यांत ७५ टक्के सहज सापडतो. प्रेसची जाळी झिजलेली असते, पुढचा कोन सैल सोडलेला असतो, कारण घट्ट केला तर मोटार ट्रिप होते. ७५ टक्के ओलावा म्हणजे ९५ किलो कोरड्या कोंड्याबरोबर २८५ लिटर पाणी, आणि ६२ टक्के म्हणजे १५५ लिटर. फरक १३० लिटरचा. ड्रायरमध्ये त्याला २२० किलो वाफ लागली असती. प्रेसमध्ये पिळून काढलं तर ते पाणी वर्तुळात परत येतं आणि सगळंच्या सगळं बाष्पीभवनाला गेलं असं धरलं तरी पन्नास किलो वाफेत भागतं. टनामागे निव्वळ १७० किलो वाफ वाचली, ६० टनांना दिवसाला दहा टन. आरओवर घालायच्या पैशातला छोटा वाटा चांगल्या प्रेसवर घाला, तो लवकर वसूल होईल. कोंडा धुताना झायलानेज आणि सेल्युलेज प्रकारची एन्झाइम वापरायची पद्धतही आता रुळली आहे. त्यानं कोंड्याला चिकटलेलं स्टार्च सुटतं आणि कोंडा जास्त पिळला जातो. पण एन्झाइमला तापमान आणि वेळ मिळावा लागतो, त्यासाठी वेगळी टाकी लागते. प्रेस दुरुस्त करण्याआधी त्यात पडू नका.

आणि कोंडा वाळवायलाच हवा का, हाही प्रश्न विचारा. खानदेशात दुभती जनावरं आहेत. तीस-चाळीस किलोमीटरच्या आत रोज गाडी उचलणारे गोठेवाले मिळाले तर काही कोंडा ओलाच विकता येतो. तो उन्हाळ्यात एका दिवसात आंबायला लागतो, म्हणून साठवायचा नाही, उचल चुकली तर ड्रायरकडे वळवायचा. एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. मक्यातलं अफ्लाटॉक्सिन स्टार्चमध्ये फारसं राहत नाही, ते कोंडा, ग्लुटेन आणि स्टीपच्या पाण्यात जमतं. मक्याच्या प्रत्येक लॉटची तपासणी असल्याशिवाय ओला कोंडा गोठ्यावर पाठवू नका. ते विष दुधात उतरतं.

स्टार्चच्या केकचंही तसंच आहे. रोटरी व्हॅक्यूम फिल्टर ४० टक्क्यांच्या आसपास ओलावा सोडतो, पीलर सेंट्रिफ्यूज ३६ किंवा त्याहून कमी. टन मक्यामागे ३८४ लिटरऐवजी ३२४ लिटर पाणी ड्रायरकडे जातं. ड्रायरमध्ये उडवायचं पाणी वीस टक्क्यांनी घटलं. ते साठ लिटर मागं वळून बाष्पीभवनाला गेले तरी टनामागे निव्वळ ऐंशी किलो वाफ वाचते. पीलर महाग असतो आणि वीजही घेतो, म्हणून तुमच्या आकाराला आत्ता परवडेल की नाही ते तुमच्या वाफेच्या दरावर ठरेल. तोपर्यंत फिल्टरचं कापड वेळेवर बदलणं, व्हॅक्यूम पुरेसा ठेवणं आणि स्टार्चचं दूध घट्ट आणि कोमट देणं एवढ्यानंही दोन टक्के ओलावा कमी होतो.

स्टार्च वाळवणाऱ्या फ्लॅश ड्रायरबद्दल एकच सांगतो. साडेबारा टक्के ओलाव्यापर्यंत माल चालत असताना कित्येक ठिकाणी भीतीपोटी ११ टक्क्यांपर्यंत वाळवतात. त्यात वाफ जाते आणि वजनही जातं: टन मक्यामागे ११ किलो. दिवसाला साडेसहाशे किलोंहून जास्त माल तुम्ही हवेत सोडून दिला. धुराड्याच्या हवेच्या तापमानावर फीडचं स्वयंचलित नियंत्रण बसवा आणि १२ टक्क्यांवर पकड ठेवा. तुमच्याकडे मे महिन्यात हवा ४३-४४ अंश आणि कोरडी, जुलैत दमट. दोन्ही मोसमांना एकच सेटिंग ठेवून चालणार नाही.

आता मका भिजवण्याकडे, कारण बाकीची साखळी त्यावर उभी आहे. ४८ ते ५२ अंश, ०.१ ते ०.२ टक्के सल्फर डायऑक्साइड, ३० ते ४० तास हे तुम्हाला माहीत आहेच. प्रश्न असतो उलट्या प्रवाहाचा. नवं आम्लाचं पाणी सर्वांत जुन्या मक्यावर जायला हवं, आणि बाहेर काढायचं पाणी सर्वांत नव्या मक्यावरून यायला हवं. टाक्यांची ही ओळ बिघडली, घाईत कुठल्याही टाकीतून पाणी काढलं, की सॉलिड्स घसरतात. तापमान ४५ च्या खाली गेलं तर लॅक्टिक आम्ल करणारे जीवाणू मागं पडतात आणि यीस्ट वगैरे शिरतात. मग साखर शिल्लक राहते, आणि तेच पाणी बाष्पीभवनाच्या नळ्यांवर थर धरतं. नळ्या वारंवार कॉस्टिकनं धुवाव्या लागत असतील तर दोष बहुधा बाष्पीभवन यंत्राचा नसतो, स्टीपमधल्या आंबण्याचा असतो.

टाक्या तापवायला थेट वाफ सोडता का? सोडत असाल तर आधी ते थांबवा. ती वाफ पाणी होऊन वर्तुळात मिसळते, टनामागे चाळीस-पन्नास किलो, आणि ती तुम्ही पुढे परत उकळता. बाहेरून फिरवणारा हीट एक्स्चेंजर लावा आणि टाक्यांना नीट इन्सुलेशन करा.

यात मक्याच्या साफसफाईचंही येतं. फुटका दाणा भिजताना स्टार्च सोडतो, ते स्टीपच्या पाण्यात जातं, तिथं तापून चिकट होतं आणि नळ्यांना बसतं. माल गेला, वाफ गेली आणि यंत्रही तुंबलं. चाळणी कडक ठेवली तर तुकड्याचा मका पशुखाद्याला विकता येतो. आणि फार गरम हवेत घाईनं वाळवलेला मका, दिसायला कितीही चांगला असला तरी, नीट भिजत नाही. त्यातलं प्रोटीन कडक होतं, स्टार्च सुटत नाही, आणि मग धुण्याचं पाणी वाढवायची वेळ येते. इथेनॉलसाठी मक्याला मागणी वाढल्यापासून हवा तो माल निवडून घेणं अवघड झालंय, हे मान्य. तरी असा लॉट वेगळा भिजवा, चांगल्या मालात मिसळू नका.

बाष्पीभवन यंत्राकडे मी मुद्दाम उशिरा येतोय. वरची कामं झाली की तिथं येणारं पाणी टनामागे ८४० लिटरांवर येईल, त्यातलं पावणेआठशे उडवायचं. ६० टनांना दिवसाला ४६-४७ टन पाणी. तीन टप्प्यांत त्याला १८ टन वाफ लागते. एमव्हीआर, म्हणजे निघालेली वाफ पंख्यानं दाबून परत वापरणारं यंत्र, हेच काम हजार लिटरला १५ ते २५ युनिट विजेत करतं. तुमचे वीज आणि कोळशाचे दर घालून गणित करा. स्टीपचं पाणी घट्ट झालं की त्याचा उत्कलनबिंदू चढतो आणि पंख्याला ते झेपत नाही. म्हणून २५-३० टक्क्यांपर्यंत एमव्हीआर आणि शेवटचं ४८ टक्क्यांपर्यंत वाफेवर, अशी विभागणी बरी पडते. मुद्दा इतकाच की यंत्राचा आकार आजच्या पातळ पाण्यावरून ठरवू नका. आधी पाणी कमी करा, मग यंत्र मागवा, ते निम्म्याच्या जवळ जाणारं लहान येईल. पातळ स्टीपच्या पाण्यावर मेम्ब्रेन, म्हणजे आरओमधले असतात तसे गाळणीचे पडदे, लावून ते आधी घट्ट करण्याचेही प्रयोग झालेत, पण त्या पाण्यात इतकं प्रोटीन आणि गाळ असतो की मेम्ब्रेन लवकर तुंबतात. तुमच्या आकाराला मी ते सुचवणार नाही.

या यंत्रातून निघणारं गरम कंडेन्सेट, म्हणजे वाफ गार होऊन झालेलं पाणी, ही तुमची दुर्लक्षित संपत्ती आहे. पहिल्या टप्प्यात बॉयलरच्या वाफेचं जे शुद्ध कंडेन्सेट निघतं ते बॉयलरला परत न्या. फीडवॉटर, म्हणजे बॉयलरला जाणारं पाणी, ६ अंशांनी गरम झालं की इंधनात साधारण एक टक्का बचत होते. पुढच्या टप्प्यांचं कंडेन्सेट आंबट असतं, त्यात उडणारी आम्लं आणि सल्फर डायऑक्साइड येतो. ते सरळ मका भिजवायला जोडायचा मोह होतो, आणि कित्येकांनी जोडलेलंही असतं. पण वर मांडलेला हिशेब आठवा. भिजवायला लागणारं चौदाशे-एक लिटर पाणी मागं फिरणाऱ्या पाण्यातूनच पुरतं. त्यात कंडेन्सेट घातलं तर तेवढं पाणी वर्तुळात जादा होतं आणि फिरून बाष्पीभवनालाच येतं. म्हणून आधी त्याची फक्त उष्णता घ्या. प्लेट हीट एक्स्चेंजरमधून स्टार्च धुण्याचं ताजं पाणी ४०-४५ अंशांवर आणा. मघाशी म्हटलेली वाफेविना ऊब ती हीच.

मग उरतं ते गार झालेलं कंडेन्सेट, आणि इथं मला तुमच्या सल्लागारांचा आरओ योग्य जागी दिसतो. सगळं सांडपाणी एकत्र करून त्यावर आरओ लावणं महाग आणि त्रासाचं, कारण त्यात स्टार्च, प्रोटीन, कॉस्टिक, फरशीची घाण सगळं असतं. कंडेन्सेटमध्ये क्षार जवळजवळ नसतात. ते वेगळ्या पाइपनं घेऊन त्याचं आम्ल उतरवलं, जैविक प्रक्रिया करून घेतली आणि मग आरओ केला तर मेम्ब्रेन टिकतात. ते पाणी कूलिंग टॉवरला आणि बॉयलरला चालतं. टनामागे पावणेआठशे लिटर निघतं, त्यातला मोठा भाग परत मिळाला तर उन्हाळ्यातले टँकर बरेच कमी होतील.

उरलेलं सांडपाणी, म्हणजे धुलाई, गळती, कूलिंग टॉवरचं सोडपाणी, हे मग इतकं कमी असेल की त्यावरची यंत्रणा आज सांगितलेल्यापेक्षा बरीच लहान लागेल. कूलिंग टॉवरचं पाणी वेगळं ठेवा, बाकीच्याला यूएएसबीमधून (हवेविना जीवाणूंकडून घाण कुजवून गॅस देणाऱ्या टाकीतून) न्या. किलोभर सीओडी (सांडपाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) मोडला की ०.३५ घनमीटर मिथेन मिळतो, तो बॉयलरला जाळता येतो. आपल्या धंद्यात सल्फर डायऑक्साइड वापरात असल्यानं गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड येतो, म्हणून गॅस धुऊन काढणाऱ्या स्क्रबरशिवाय तो बर्नरला देऊ नका. धातू खाल्ला जातो, आणि गळती झाली तर माणसाच्या जिवावर बेतते.

एन्झाइमनं भिजवणं सहा-आठ तासांवर आणणाऱ्या पद्धतीबद्दलही तुम्ही शेवटी विचारलंय. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातले विजय सिंग आणि तिथल्या कृषी खात्याचे डेव्हिड जॉन्स्टन यांनी ती विकसित केली. कल्पना पक्की आहे: मका थोडा भिजवून भरड दळायचा म्हणजे एन्झाइम आत पोचतं, आणि सल्फर डायऑक्साइडही खूप कमी लागतो. पण त्यानं स्टीपची सगळी मांडणी बदलते आणि एन्झाइमचा रोजचा खर्च येतो. नवा कारखाना उभारत असाल तर जरूर विचार करा. चालू कारखान्यात वरचं सगळं करून झाल्याशिवाय नाही.

बंद वर्तुळाचा एक धोकाही आहे. पाणी फिरत राहिलं की त्यात जीवाणू आणि चिकट शेवाळ वाढायला जागा मिळते, विशेषतः कारखाना दोन-तीन दिवस बंद राहिला तर. म्हणून फिरत्या पाण्यात थोडा सल्फर डायऑक्साइड शिल्लक राहील असं बघा, टाक्यांचे मेलेले कोपरे काढून टाका, आणि पाणी एकदम कमी करू नका. धुण्याचं पाणी आठवड्याला ०.१ लिटरनं उतरवा आणि दर वेळी स्टार्चमधलं प्रोटीन तपासा. ०.३५ टक्क्यांच्या वर जाऊ लागलं तर तिथंच थांबा आणि कारण शोधा.

माझा क्रम असा असेल: मीटर, ग्लँड आणि व्हॅक्यूम पंपाचं पाणी, स्टार्च धुण्याचं पाणी, कोंड्याचा प्रेस, स्टीपची शिस्त, कंडेन्सेटची उष्णता. ही सहा कामं पावसाळ्यापूर्वी होण्यासारखी आहेत. पीलर, एमव्हीआर आणि आरओ यांची किंमत मागवायची ती त्यानंतरच्या आकड्यांवर.

पुढचं नेमकं सांगायला मला तुमच्याकडून काही आकडे लागतील: स्टीपच्या बाहेर पडणाऱ्या पाण्यातले सॉलिड्स, प्रेसनंतर कोंड्याचा ओलावा, फिल्टरनंतर केकचा ओलावा, किलो स्टार्चमागे धुण्याचं पाणी, आणि ग्लँडला पाणी लागणारे पंप किती. तिन्ही पाळ्यांचे वेगवेगळे घ्या, सरासरी नको. ओलावा काढायला साधा ओव्हन आणि तराजू पुरतो. ते कळवलेत तर तुमच्या कारखान्याचा हिशेब मी मांडून देतो.